उतरावे की परत फिरावे? वैमानिकाच्या अखेरच्या मिनिटातील निर्णय

पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी मुंबईत उतरणाऱ्या विमानात हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. घाटकोपरच्या वस्तीतील दिवे खिडकीतून अगदी जवळ आलेले असतात. चाके खाली आल्याचा धडधडाट होऊन गेलेला असतो. प्रवाशांचे हात मोबाइलकडे वळू लागलेले असतात आणि तेवढ्यात इंजिने एकाएकी गरजतात, विमानाचे नाक वर उचलले जाते आणि जवळ आलेले दिवे पुन्हा ढगांत नाहीसे होतात. केबिनमध्ये शांतता पसरते. कोणी देवाचे नाव घेतो, तर कोणी शेजाऱ्याकडे पाहतो. काही मिनिटांनी वैमानिकाची उद्घोषणा होते, विमान वळसा घालून पुन्हा येते आणि सुखरूप उतरते. घरी पोहोचल्यावर मात्र 'आज थोडक्यात वाचलो' अशीच या घटनेची हकीकत सांगितली जाते.

हवाई वाहतुकीच्या भाषेत याला 'गो-अराउंड' म्हणतात. उतरण्याचा प्रयत्न सोडून देऊन पुन्हा सुरक्षित उंची गाठणे, एवढाच त्याचा अर्थ. प्रवाशांना तो संकटाचा क्षण वाटतो. वास्तविक ती संकट टाळण्याची ठरलेली आणि शिकवलेली रीत आहे. साधारणपणे दर हजार आगमनांमागे एक ते तीन वेळा असे घडते. अपघातांच्या चौकशी अहवालांकडे पाहिले तर चित्र उलटे दिसते. परत फिरलेल्या विमानांपेक्षा, परत फिरायला हवे असूनही न फिरलेल्या विमानांची नोंद त्यांत अधिक वेळा आढळते.

'स्थिर' विमान म्हणजे काय?

उतरणारे विमान साधारणतः तीन अंशांच्या उतारावरून धावपट्टीकडे येते. मध्यम आकाराच्या प्रवासी जेट विमानाचा वेग या वेळी ताशी सुमारे २५० ते २६० किलोमीटर असतो आणि ते दर मिनिटाला सातशे ते साडेसातशे फूट खाली येत असते. म्हणजेच हजार फुटांवरून जमिनीपर्यंत येण्यास जेमतेम ऐंशी सेकंद लागतात. एवढ्या अवधीत नव्याने विचार करण्यास फारशी सवड नसते. म्हणूनच परत फिरण्याचे निकष आधीच ठरवून ठेवलेले असतात.

या निकषांचा गाभा म्हणजे 'स्थिर आगमन' ही संकल्पना. अमेरिकेतील फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने तिचे जे निकष मांडले, ते थोड्याफार फरकाने जगभरातील विमान कंपन्यांनी स्वीकारले आहेत. ढगांतून किंवा कमी दृश्यमानतेत येताना धावपट्टीपासून एक हजार फूट उंचीवर आणि स्वच्छ हवामानात पाचशे फूट उंचीवर विमान 'स्थिर' झालेले असले पाहिजे. अनेक कंपन्या सर्वच परिस्थितीत हजार फुटांचा नियम पाळतात.

स्थिर म्हणजे काय, याचीही नेमकी यादी आहे. विमान योग्य मार्गावर असावे आणि तेथे राहण्यासाठी दिशेत वा नाकाच्या कोनात किरकोळ बदलच करावे लागावेत. चाके खाली आलेली असावीत आणि पंखांचे फ्लॅप उतरण्याच्या स्थितीत असावेत. वेग ठरलेल्या किमान वेगापेक्षा कमी नसावा आणि त्याहून वीस नॉटपेक्षा अधिकही नसावा. खाली येण्याची गती मिनिटाला हजार फुटांच्या आत असावी. इंजिनांची शक्ती त्या टप्प्यास साजेशी असावी आणि तपासणी यादी पूर्ण झालेली असावी. यांपैकी एकही गोष्ट जमलेली नसेल, तर त्या उंचीवर थांबून विचार करायचा नाही, परत फिरायचे.

हा नियम कठोर वाटतो, पण त्यामागे साधे गणित आहे. वेग दहा टक्क्यांनी वाढला की विमान थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. उंचावरून किंवा वेगात आलेले विमान चाके टेकण्यापूर्वी धावपट्टीवर तरंगत राहते आणि अशा प्रत्येक सेकंदाला सुमारे सत्तर मीटर धावपट्टी मागे पडते. धावपट्टी ओली असेल आणि वारा पाठीमागून असेल, तर हजार फुटांवरच्या लहान चुकीची किंमत धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला मोजावी लागते.

आणखी काही थांबे

हजार किंवा पाचशे फुटांची चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे निर्णय संपला असे नाही. धावपट्टीवरील रेडिओ यंत्रणेच्या साह्याने येणाऱ्या विमानासाठी एक 'निर्णयाची उंची' असते. सर्वसाधारण प्रकारात ती धावपट्टीपासून २०० फूट असते, अधिक अचूक प्रकारात १०० फूट. त्या उंचीवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसलेच पाहिजेत. 'अजून एक क्षण थांबू, दिसेल' या विचाराला येथे स्थान नाही. दिवे दिसले तर उतरायचे, न दिसले तर वर जायचे. दोनशे फुटांवर जमिनीपासूनचे अंतर अवघ्या सोळा-सतरा सेकंदांचे असते.

परत फिरण्याची कारणे हवामानापुरती मर्यादित नाहीत. पुढे उतरलेले विमान वेळेत धावपट्टीबाहेर गेले नाही, तर हवाई वाहतूक नियंत्रण कक्षच परत फिरण्याची सूचना देतो. मुंबईसारख्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी मुख्यत्वे एकच वापरात असते. तासाला चाळीसहून अधिक विमानांची ये-जा सांभाळताना अशी वेळ येणे स्वाभाविक आहे. वाऱ्याची दिशा व वेग अचानक बदलल्याचा इशारा मिळणे, धावपट्टीवर कुत्रा किंवा वाहन दिसणे, चाके खाली आल्याचा दिवा न लागणे, हीदेखील कारणे असू शकतात.

शेवटचा थांबा धावपट्टीवरच असतो. चाके ठरलेल्या पट्ट्यात, म्हणजे धावपट्टीच्या पहिल्या तीन हजार फुटांत किंवा पहिल्या एक-तृतीयांश भागात, यांपैकी जे अंतर कमी असेल त्यात टेकली पाहिजेत. ते जमणार नसेल तर चाके जमिनीला लागण्याच्या बेतात असतानाही, किंवा ती लागल्यानंतरही, परत उडता येते. मात्र एक रेषा ओलांडता येत नाही. विमान थांबवण्यासाठी इंजिनांचा झोत उलटा फिरवला, की त्यानंतर पुन्हा उडण्याचा प्रयत्न करायचा नाही.

मंगळूर : तीन वेळा दिलेली हाक

हे नियम कागदावरच राहिले तर काय होते, याचे भारतातील सर्वांत वेदनादायक उदाहरण मंगळूरचे आहे. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ विमान टेकडीच्या माथ्यावरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ जणांचा मृत्यू झाला, आठ जण वाचले.

हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने या अपघाताचा मागोवा घेतला. मंगळूरचे रडार त्या दिवशी बंद असल्याने विमानाला नेहमीपेक्षा उशिरा खाली येण्याची परवानगी मिळाली होती. परिणामी ते धावपट्टीच्या जवळ आले तेव्हा फारच उंचावर होते. प्रवासात कॅप्टन दीर्घकाळ झोपले होते आणि त्या झोपेची सुस्ती अखेरच्या टप्प्यात उतरलेली नसावी, असा निष्कर्ष अहवालात आहे. सहवैमानिकाने तीन वेळा 'गो-अराउंड' म्हटले. जमीन जवळ येत असल्याचा इशारा देणारी यंत्रणाही वारंवार बोलत होती. तरीही विमान खाली आणले गेले. सुमारे आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती सुरुवातीपासून सुमारे ५,२०० फुटांवर. त्यानंतर इंजिनांचा झोत उलटा फिरवल्यावरही पुन्हा उडण्याचा प्रयत्न झाला, म्हणजे ती न ओलांडण्याची रेषाही ओलांडली गेली.

अहवालाने नोंदवलेला एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. सहवैमानिकाने हाक दिली, पण विमानाचे नियंत्रण हाती घेऊन ते वर नेले नाही. त्याला तसे करण्याचा अधिकार आहे की नाही, याविषयीच्या सूचनांत संदिग्धता होती. ज्याला धोका दिसला त्याच्या हाती निर्णय नव्हता, आणि ज्याच्या हाती निर्णय होता त्याला धोका जाणवला नाही.

कोझिकोड : दहा वर्षांनंतर

मंगळूरनंतर नियम बदलले, प्रशिक्षणात भर पडली. तरीही ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोड येथे जवळपास तीच कथा घडली. करोनाकाळात परदेशी अडकलेल्या भारतीयांना आणण्यासाठीच्या 'वंदे भारत' मोहिमेतील हे विमान दुबईहून आले होते. विमानात १९० जण होते.

पहिल्या प्रयत्नात धावपट्टी दिसली नाही, तेव्हा वैमानिकांनी नियमानुसार परत फिरण्याचा निर्णय घेतला आणि तो बिनचूक अमलात आणला. दुसऱ्या प्रयत्नासाठी विरुद्ध दिशा निवडली गेली. या दिशेने वारा पाठीमागून येत होता, पाऊस कोसळत होता आणि कॅप्टनच्या बाजूच्या काचेवरील वायपर नीट काम करीत नव्हता. हे आगमन स्थिर राहिले नाही. विमान धावपट्टीवर तरंगत पुढे गेले. सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हटले, तोवर चाके टेकण्याचा पट्टा संपत आला होता. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी धावपट्टी संपल्यावर. विमान धावपट्टीपलीकडे कोसळून तुटले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला.

कॅप्टन दीपक साठे हे नागपूरशी नाते असलेले, हवाई दलातून निवृत्त झालेले अनुभवी वैमानिक होते. कोझिकोडची धावपट्टी त्यांना चांगली परिचित होती. विमान अपघात अन्वेषण विभागाच्या २०२१ मधील अहवालाने अस्थिर आगमन चालू ठेवणे, सहवैमानिकाच्या हाकेनंतरही परत न फिरणे आणि सहवैमानिकाने नियंत्रण हाती न घेणे, ही संभाव्य कारणे म्हणून नोंदवली. तथापि, अहवाल तेथेच थांबला नाही. कोझिकोडला कंपनीकडे कॅप्टन पुरेसे नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण सांभाळायचे होते, हा दबावही त्याने नोंदवला. कॉकपिटमधील निर्णयाची मुळे कधीकधी कार्यालयातील वेळापत्रकापर्यंत पोहोचतात, हे यातून स्पष्ट होते.

परत फिरणे जड का जाते?

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर २०१७ मध्ये काढलेल्या निष्कर्षांत एक आकडा थक्क करणारा आहे. सुमारे साडेतीन ते चार टक्के आगमने अस्थिर असतात. नियमानुसार या सर्वांनी परत फिरायला हवे. प्रत्यक्षात त्यांपैकी सुमारे ९७ टक्के विमाने तशीच उतरवली जातात.

त्यांतील बहुतेक सुखरूप उतरतात आणि नेमकी तीच अडचण आहे. 'मागच्या वेळी जमले होते' हा अनुभव नियमापेक्षा बलवान ठरतो. शिवाय उतरण्याची योजना मनात पक्की झालेली असते. समोर धावपट्टी दिसत असते, प्रवास संपत आलेला असतो, मागे शेकडो लोक वाट पाहत असतात. अशा वेळी मन योजनेला अनुकूल तेवढ्याच खुणा टिपते आणि प्रतिकूल खुणा नजरेआड करते. मानसशास्त्रात ही प्रवृत्ती सुपरिचित आहे. थकवा आला की ती अधिक प्रबळ होते.

दुसरा अडथळा आहे तो ज्येष्ठतेचा. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना, साहेबांना टोकणे अवघड जाते. कॉकपिटही त्याला अपवाद नसते. वीस वर्षे उडणाऱ्या कॅप्टनला नवख्या सहवैमानिकाने 'सर, वेग जास्त आहे' असे सांगणे आणि 'परत फिरा' असे बजावणे, यांत मोठे अंतर आहे. म्हणूनच आता अनेक कंपन्यांत असा दंडक आहे की, दोघांपैकी कोणीही 'गो-अराउंड' म्हटले की चर्चा करायची नाही, विमान वर न्यायचे. चूक की बरोबर, हे नंतर जमिनीवर ठरवायचे. दोनदा सांगूनही प्रतिसाद न मिळाल्यास सहवैमानिकाने नियंत्रण हाती घ्यावे, असेही शिकवले जाते. तसेच परत फिरल्याबद्दल वैमानिकाला जाब विचारला जाणार नाही, हे धोरण लेखी स्वरूपात जाहीर केले जाते. जादा इंधन जाळल्याचा किंवा उशिराचा ठपका आपल्यावर येईल, ही शंका कॉकपिटमध्ये शिरली तर हजार फुटांचा नियम कमकुवत होतो.

परत फिरणेही सोपे नाही

गो-अराउंडची आज्ञा झाली की कामांची ठरलेली साखळी सुरू होते. इंजिनांना पूर्ण शक्ती, नाक वर, फ्लॅप एक टप्पा कमी, विमान निश्चितपणे वर चढत असल्याची खात्री आणि मग चाके आत. हे सारे काही सेकंदांत, जमिनीच्या जवळ आणि अनेकदा ढगांत करावे लागते. कित्येक वैमानिकांना असा प्रसंग वर्षभरात एखाद-दुसऱ्या वेळीच येतो. म्हणून सिम्युलेटरमध्ये त्याचा सराव वारंवार करून घेतला जातो.

हा सराव अपुरा पडल्यास काय होते, याची उदाहरणे रशियात घडली. नोव्हेंबर २०१३ मध्ये कझान येथे आणि मार्च २०१६ मध्ये रोस्तोव्ह येथे परत फिरणारी बोइंग ७३७ विमाने जमिनीवर आदळली. त्यांत अनुक्रमे ५० आणि ६२ जण, म्हणजे विमानातील सर्वच्या सर्व, मृत्युमुखी पडले. अंधारात किंवा ढगांत विमानाचा वेग झपाट्याने वाढतो, तेव्हा नाक प्रमाणाबाहेर वर गेल्याचा भास होऊ शकतो. त्या भासावर विश्वास ठेवून नाक खाली दाबले की विमान जमिनीकडे झेपावते. अशा वेळी शरीराला जाणवणाऱ्या गोष्टींपेक्षा समोरच्या उपकरणांवर विसंबणे, हाच एक उपाय असतो.

उशिरा घेतलेला निर्णयही घातक ठरतो. २२ मे २०२० रोजी कराचीत पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचे विमान फार उंचावरून आणि फार वेगाने उतरू लागले. नियंत्रण कक्षाने उंचीबाबत सावध केले, तरी आगमन सोडून दिले गेले नाही. चाके आतच असल्याने इंजिने धावपट्टीवर घासली आणि त्यानंतर विमान पुन्हा उडवले गेले. जायबंदी इंजिने काही मिनिटांत बंद पडली आणि विमान वस्तीत कोसळले. त्यातील ९९ पैकी ९७ जण दगावले. हाच निर्णय हजार फुटांवर झाला असता, तर ती एक साधी फेरी ठरली असती.

इंधनाचा हिशेब

परत फिरल्यावर पुढे काय, हा प्रश्नही आधीच सोडवलेला असावा लागतो. प्रत्येक प्रवासी विमानात नियोजित प्रवासाशिवाय पर्यायी विमानतळ गाठण्याइतके आणि त्यानंतरही अर्धा तास हवेत राहता येईल इतके इंधन असणे बंधनकारक आहे. आणखी प्रयत्न किती करायचे आणि पर्यायी विमानतळाकडे कधी वळायचे, याची मर्यादा वैमानिक या हिशेबावरून ठरवतो.

ही मर्यादा चुकली तर सुरक्षित निर्णयांचीही एक धोकादायक मालिका तयार होऊ शकते. ऑगस्ट २०१५ मध्ये जेट एअरवेजचे दोहाहून आलेले विमान कोची येथे तीनदा उतरू शकले नाही. ते तिरुवनंतपुरमला गेले. तेथेही तीन प्रयत्न फसले आणि सातव्या प्रयत्नात, अत्यल्प इंधन उरले असताना, धावपट्टी नीट दिसत नसतानाही ते उतरवावे लागले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. पण परत फिरण्याचे स्वातंत्र्य टाकीतील इंधनाएवढेच असते, हा धडा त्यातून मिळाला.

प्रवाशाची भूमिका

या निर्णयात प्रवाशाचा थेट सहभाग नसतो. मात्र त्याच्या अपेक्षांचा भार कॉकपिटपर्यंत पोहोचत असतो. उशीर झाला म्हणून चिडणारे, विमान धाडकन उतरले की वैमानिकाला नावे ठेवणारे आणि अलगद उतरले की टाळ्या वाजवणारे प्रवासी, हेही त्या दबावाचाच भाग आहेत. ओल्या धावपट्टीवर चाके ठामपणे टेकवणे हे अनेकदा कौशल्याचे लक्षण असते. अलगद उतरण्याच्या नादात विमान तरंगत ठेवणे तसे नसते.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात घाटकोपरचे दिवे जवळ येऊन पुन्हा दूर गेले, तर पट्टा बांधलेला राहू द्यावा आणि थोडा धीर धरावा. उद्घोषणेला वेळ लागला तर समजावे की दोन्ही वैमानिक त्याहून महत्त्वाच्या कामात आहेत. पंधरा-वीस मिनिटांचा तो वळसा म्हणजे कॉकपिटमध्ये कोणीतरी वेळेवर बोलले आणि दुसऱ्याने ते ऐकले, याची खूण आहे. मंगळूर आणि कोझिकोडच्या प्रवाशांना तो वळसा मिळाला नाही.